अरे-तुरे

कोलोनच्या म्युलहाइम भागातल्या आमच्या जिन्यात मी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना पहिल्यांदा 'झी' म्हटलं, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, मागे आणखी कोणी उभं आहे.

ही 1998 ची गोष्ट. नवऱ्याला तिथे नोकरी लागली म्हणून गेलेली मी, आणि माझ्याजवळ पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये घोटलेलं जर्मन. 'डू' म्हणजे तू, 'झी' म्हणजे तुम्ही. अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला, दुकानदाराला 'झी'च म्हणायचं. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. बंगाली मैत्रिणीलाही लागलं नव्हतं, इंग्रजी माध्यमवाल्यांना मात्र लागलं. तर मी 'झी' म्हटलं आणि उत्तरादाखल ते मला 'डू' म्हणाले. नंतर पाहिलं तर बेकरीतल्या बाईंनाही 'डू', बसच्या ड्रायव्हरलाही 'डू', डॉक्टरांनाही 'डू'. माणूस जरा उद्धटच दिसतोय, असं मी घरी बोलूनही गेले.

वर्षभराने चांगली ओळख झाली. आम्ही त्यांना 'अम्जा' म्हणायला लागलो, तुर्कीत काका. बायकोला 'तेय्झे', म्हणजे मावशी. एकदा कंबर चिमटलेल्या छोट्या ग्लासातला चहा समोर ठेवून अम्जांनीच कारण सांगितलं. 1964 साली ते कायसेरीजवळच्या खेड्यातून आले आणि तीस वर्षं एका फाउंड्रीत राबले. त्या तीस वर्षांत त्यांच्याशी कोणी 'झी' लावून बोललंच नाही. फोरमन म्हणायचा, 'डू, इकडे ये.' 'डू, झाडू घे.' जी भाषा कानावर पडली ती ते शिकले. जर्मनमध्ये 'तुम्ही' म्हणायची सोय आहे हे त्यांना कळलं ते एका सरकारी कचेरीत. खिडकीतल्या साहेबाला त्यांनी अदबीने, टोपी हातात घेऊन 'डू' म्हटलं आणि साहेब भडकला. 'मी काय तुझ्याबरोबर गुरं राखलीत?' अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला, आणि तेही 'डू' लावूनच.

अम्जा ही गोष्ट हसत सांगत. तेय्झे हसत नसत.

पुढे मी जर्मनीतल्या तुर्की कामगारांबद्दल जमेल तसं वाचन केलं. पुस्तकांत आकडे, करार, कायदे भरपूर आहेत. पण मला त्या सगळ्याच्या तळाशी हे अरे-तुरेच दिसत राहिलं.

तुर्कस्तानातून कामगार आणण्याचा करार झाला 30 ऑक्टोबर 1961 ला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती आणि पूर्वेकडून येणारे कामगार एका रात्रीत थांबले होते. इटलीशी 1955 मध्ये, स्पेन आणि ग्रीसशी 1960 मध्ये असे करार झालेलेच होते. तुर्कस्तानशी मात्र समारंभ नाही, जाडजूड दस्तऐवज नाही, दोन सरकारांमधली जेमतेम दोन पानांची पत्रापत्री. आणि त्या दोन पानांत एक अट घातलेली, जी आधीच्यांना नव्हती: तुर्की कामगाराने दोन वर्षं राहायचं आणि परत जायचं. त्याच्या जागी दुसरा येईल. बायकामुलं आणण्याबद्दल अक्षर नाही. ही दोन वर्षांची अट 1964 मध्ये निघाली, पण कोणाच्या कनवाळूपणाने नव्हे. कारखानदारांनाच ती नको होती. माणूस कामाला तयार करायचा आणि हात बसला की घालवून द्यायचा, हा कोणता हिशेब?

नावही मोठं मजेदार शोधलं होतं: 'गास्टआर्बायटर', पाहुणा कामगार. त्याआधीचा शब्द 'फ्रेम्डआर्बायटर', परका कामगार. पण तो नाझींच्या काळात वेठीला धरलेल्या लोकांसाठी वापरून विटाळलेला, म्हणून हा नवा गोड शब्द. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीही न हललेल्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आहेच. पण पाहुण्याला भट्टीपुढे उभं करण्याची कल्पना काही आपल्याला सुचली नाही.

इस्तंबूलमध्ये जर्मन सरकारने भरतीची कचेरी उघडली. 1961 ते 1973 या बारा वर्षांत 25 लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले, निवड झाली चौघांमागे जेमतेम एकाची. निवडीत डॉक्टरी तपासणी मोठी. जॉन बर्जर आणि छायाचित्रकार झाँ मोर यांच्या 1975 च्या 'अ सेव्हन्थ मॅन' या पुस्तकात त्या तपासणीचे फोटो आहेत: अंगावर फक्त चड्डी घातलेल्या पुरुषांची रांग, कातडीवर पेनने लिहिलेले आकडे. मी ते पुस्तक अम्जांना दाखवलं. त्यांनी पान उलटलं नाही, बराच वेळ पाहत राहिले. मग तोंड उघडून मागच्या दाढेवर बोट ठेवलं. 'ही त्यांनी हलवून पाहिली होती. आमच्याकडे बाजारात खेचराची पाहतात.'

सिर्केजी स्टेशनवरून गाडी निघायची ती दोन-अडीच दिवसांनी म्युनिकच्या 11 नंबरच्या फलाटावर. फलाटाखाली युद्धकाळातलं बॉम्बनिवारा तळघर होतं, तिथे उतरवून घ्यायचे, गरम काहीतरी खायला द्यायचे आणि नावांच्या यादीप्रमाणे कोण कुठल्या शहरात ते वाटून द्यायचे. तळघर का, तर फलाटावर माणसांचे असे तांडे उभे राहिलेले लोकांच्या डोळ्यांवर येऊ नयेत.

अम्जा गावी सुतारकाम करत. आपल्या हातांकडे बघत ते म्हणत की यांना लाकडाची माहिती होती, लोखंडाची नव्हती. फाउंड्रीत त्यांना दिलं काय, तर साच्यातून निघालेल्या ओतीव भागांवरची वाळू झाडायची आणि कडा घासायच्या. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा. राहायला कंपनीचं 'हाइम', म्हणजे वसतिगृह. एका खोलीत सहा माणसं, एकावर एक खाटा, दोन शिफ्टचे लोक, त्यामुळे कायम कोणीतरी झोपलेलं आणि कायम कोणीतरी स्वयंपाक करणारं. त्या मजल्यावर सगळ्या तुर्कांना फोरमन 'अली' म्हणायचा. त्यातल्या एकाचं नाव खरंच अली होतं. त्याला ते कळायला आठवडा लागला आणि तो बिचारा प्रत्येक हाकेला धावत जायचा.

आता यातली गंमत अशी, की कागदावर भेदभाव नव्हताच. समान कामाला समान पगार, हे जर्मन युनियनांनी पहिल्यापासून लावून धरलं होतं. अर्थात कळवळ्यापोटी नव्हे, स्वस्त माणूस आला तर आपला भाव पडेल म्हणून. पण धरलं होतं हे खरं. मेख 'समान काम' या शब्दांत होती. पगाराचे गट असत आणि परदेशी माणूस सरसकट सगळ्यात खालच्या गटात, मग तो गावी सुतार असो की शाळामास्तर. बायकांसाठी तर 'हलकं काम' नावाचा आणखी खालचा गट. तेय्झे आठ तास उभं राहून जे काम करत त्याला 'हलकं' का म्हणायचे, हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. यावर कायद्याची दोरी होती. नोकरीचा परवाना सहसा वर्षाचा आणि त्याच मालकापुरता, त्याच कामापुरता. जागा रिकामी झाली तर आधी जर्मन माणूस बघायचा, मग परदेशी. आणि 1965 च्या परदेशी नागरिक कायद्याप्रमाणे देशात राहू द्यायचं की नाही, हे जर्मनीच्या 'हिताला' धरून अधिकाऱ्याने ठरवायचं. नोकरी गेली की परवाना धोक्यात, परवाना गेला की घर. अशा माणसाने फोरमनला 'मला तुम्ही म्हणा' असं कसं सांगावं?

1973 च्या उन्हाळ्यात हे सगळं एकदाच फुटून वर आलं. आम्ही राहत होतो तिथून ऱ्हाइन ओलांडली की नील हा भाग, तिथे फोर्डचा कारखाना. त्या वर्षी तिथे सुमारे 12,000 तुर्की कामगार होते आणि त्यांतले बहुतेक अंतिम जुळणीच्या लाइनवर, जिथे पट्टा थांबत नाही आणि माणूसही. सुट्टी चार आठवड्यांची. कोलोनपासून अनातोलियापर्यंत तीन हजारांवर किलोमीटर, ऑस्ट्रिया आणि युगोस्लाव्हियातून, सेकंडहँड गाडीच्या टपावर फ्रीज, गाद्या, शिवणयंत्र बांधून. जाण्या-येण्यातच आठवडा-दीड आठवडा जायचा. त्या ऑगस्टमध्ये उशिरा परतलेल्या सुमारे 300 तुर्कांना कंपनीने काढलं. आणि त्यांचं काम? ते उरलेल्यांवर वाटून दिलं. संपाची ठिणगी तिथे पडली, असं माझं मत. काढण्याने माणूस घाबरतो, दुप्पट पट्टा अंगावर आला की चिडतो.

24 ऑगस्टला, शुक्रवारी, लाइन थांबली. मागण्या साध्या होत्या: काढलेल्यांना परत घ्या, तासाला 1 मार्क वाढवा, पट्ट्याचा वेग कमी करा, सुट्टी सहा आठवड्यांची करा. युनियनने हा संप आपला मानलाच नाही. जर्मनमध्ये अशा संपाला 'जंगली' म्हणतात, आणि संप करणारे तुर्क म्हटल्यावर वर्तमानपत्रांना त्या शब्दाचा फारच लळा लागला. 'ट्युर्केनश्ट्राइक', तुर्कांचा संप, हे नाव रूढ झालं. सुरुवातीला बरोबर असलेले जर्मन कामगार हळूहळू मागे सरले. तुर्क रात्री कारखान्यातच झोपले. बाहा तार्ग्युन नावाचा तरुण त्यांचा पुढारी झाला, कारण त्याला जर्मन चांगलं येत होतं. 30 ऑगस्टला संपविरोधी मोर्चा आत घुसला, मारामारी झाली, पोलीस आले, पुढाऱ्यांना पकडलं. शेकड्यांनी लोकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना काढलं, काहींनी 'स्वखुशीने' राजीनामे दिले. ही स्वखुशी कशी असते हे गिरणगावात वाढलेल्या कोणालाही विचारा.

अम्जा त्या आठवड्यात शिफ्ट संपवून फोर्डच्या गेटबाहेर जाऊन उभे राहायचे. आत त्यांच्या गावचे दोघं होते. 'मी कुंपणातून सिगारेटी दिल्या,' एवढंच ते सांगत.

त्याच महिन्यात, तिथून तासाभराच्याही आतल्या नॉइस गावात, पीअरबुर्गच्या कार्ब्युरेटर कारखान्यात बायकांनी संप केला होता. तुर्की, ग्रीक, युगोस्लाव, इटालियन, स्पॅनिश, बहुतेक परदेशी. त्यांची मागणीही तासाला 1 मार्काची आणि त्या 'हलक्या कामाच्या' गटाला मूठमाती देण्याची. तिथे काही दिवसांनी जर्मन कुशल कामगार त्यांच्या बाजूने उतरले, आणि संप जिंकला. तो पगारगट गेला. फोर्डची कहाणी सगळे सांगतात, कारण तिथे मारामारी झाली आणि फोटो निघाले. माझ्या मते शिकण्यासारखी गोष्ट नॉइसची आहे. तेय्झेंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, 'मग आमच्याकडे का नाही गेला तो गट?' याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

या दोन्ही संपांच्या जरा आधी, 30 जुलै 1973 ला, 'डेर श्पीगल'ने मुख्य लेखाला मथळा दिला होता: तुर्क येताहेत, जमेल त्याने पळा. हे काही गल्लीबोळातलं चोपडं नव्हे, शिकल्यासवरलेल्यांचं साप्ताहिक. लोकभावनेचं राजकारण तळातून उकळत वर येतं असं आपण धरून चालतो. इथे उकळी वरूनच सुरू झाली होती. आणि हे शिकायला मला जर्मनीला जायची गरज नव्हती. माझं माहेर दादरचं. वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना 1960 च्या दशकातले 'मार्मिक'चे जुने अंक सापडले, 'वाचा आणि थंड बसा' या सदराखाली छापलेल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्यांसकट. काही नावांखाली वडिलांनी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. आमच्या शेजारी पालघाटचं कुटुंब होतं आणि त्यांच्याकडची इडली आमच्याकडे दर रविवारी येत असे. अंक मी रद्दीत टाकले नाहीत, पण बाहेरही काढत नाही.

23 नोव्हेंबर 1973 ला जर्मनीने भरती बंद केली. निमित्त तेलसंकटाचं. हेतू हा, की तुर्क कमी व्हावेत. झालं उलटंच. आतापर्यंत माणूस जायचा, यायचा. आता गेला तर परत येता येणार नाही म्हटल्यावर त्याने जाणं थांबवलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. 1975 मध्ये सरकारने गावाकडे राहणाऱ्या मुलांचा भत्ता कमी केला, तशी उरलेली मुलंही आली. 1973 मध्ये 9 लाखांच्या आसपास असलेले तुर्क 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 15 लाखांवर गेले. मग नवी ओरड सुरू झाली, हे वाढताहेत म्हणून.

हेल्मुट कोल चॅन्सेलर झाले 1982 मध्ये. त्यांनी मार्गारेट थॅचरना खाजगीत सांगितलं होतं की तुर्कांची संख्या निम्मी करायचीय. हे कागद बाहेर आले ते 2013 मध्ये. पण 1983 चा कायदा उघड होता: परत जाणाऱ्याला 10,500 मार्क, वर प्रत्येक मुलामागे 1,500. शिवाय पेन्शनसाठी कापलेले पैसेही परत. म्हणजे कामगाराने भरलेले. मालकाने त्याच्या नावे भरलेला वाटा जर्मनीतच राहिला. अम्जांच्या धाकट्या भावाने पैसे घेतले, कायसेरीत टीव्हीचं दुकान काढलं. तिथे त्याला लोक 'अल्मांजी' म्हणायला लागले, म्हणजे जर्मनीवाला, आणि त्या शब्दात कौतुक कमी, टोमणा जास्त. दुकान दोन वर्षांत बसलं.

तुर्कीत परमुलखात राहण्याला 'गुर्बेत' म्हणतात. मूळ अरबी धातू तोच, ज्यातून आपला 'गरीब' आला. अरबीत 'गरीब' म्हणजे परका माणूस. पैसे नसलेला हा अर्थ नंतर चिकटला. कसा चिकटला असेल हे अम्जांकडे बघून कळायचं.

1985 मध्ये ग्युंटर वालराफ या जर्मन पत्रकाराचं 'गान्झ उन्टेन', अगदी तळाशी, हे पुस्तक आलं. डोळ्यांत काळी लेन्स, डोक्यावर काळा टोप, नाव अली, अशा वेशात त्याने दोन वर्षं मिळेल ते काम केलं. डुइसबुर्गच्या थिसेन पोलाद कारखान्यात ठेकेदारामार्फत धूळ उपसली, संरक्षणाची साधनं न मिळता. पुस्तकाच्या काही महिन्यांत वीस लाखांवर प्रती खपल्या, खटले झाले, ठेकेदारांवर कारवाई झाली. पुस्तक दमदार आहे. पण त्याच्या आधी वीस वर्षं खऱ्या अलींनी हेच सांगितलं, तेव्हा त्याची बातमी झाली नव्हती. टोप घातलेल्या जर्मनाने सांगितलं तेव्हा झाली. अम्जांच्या शेल्फवर त्याची तुर्की प्रत होती. 'वाचलंत?' मी विचारलं. 'मी का वाचू?' ते म्हणाले. 'मुलाने आणलंय. त्याने वाचावं.'

1989 च्या जानेवारीत पश्चिम बर्लिनच्या निवडणुकीत 'रेपुब्लिकानर' नावाच्या पक्षाने टीव्हीवर जाहिरात दाखवली. पडद्यावर तुर्की मुलं, आणि मागे संगीत एका वेस्टर्न चित्रपटातलं, मरणाआधी वाजणारं. त्यांना 7.5 टक्के मतं पडली. 1992 मध्ये म्योल्नला आणि 1993 मध्ये झोलिंगेनला तुर्कांची घरं पेटवली गेली, आत माणसं होती. झोलिंगेन कोलोनहून फार लांब नाही. त्यानंतर कित्येक महिने तेय्झे रात्री दाराशी बादलीभर पाणी ठेवून झोपत. आम्ही राहायला गेलो तेव्हाही बादली तिथेच होती, फक्त त्यात आता छत्र्या होत्या.

आणि मग आमची पाळी आली. 2000 साली सरकारने संगणक तज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' जाहीर केलं, बरेचसे भारतीयच येणार असा गाजावाजा झाला. आमच्याच राज्यात मे महिन्यात निवडणूक होती. विरोधी नेते युर्गेन र्युट्गर्स म्हणाले की भारतीयांऐवजी आपली मुलं संगणकासमोर बसवा. वर्तमानपत्रांनी त्याचं यमक केलं: 'किंडर श्टाट इंडर', भारतीयांऐवजी मुलं. निवडणूक ते हरले, यमक मात्र राहिलं. नवऱ्याच्या ऑफिसात कोणीतरी ते कॉफी मशीनवर चिकटवलं. गंमत म्हणून, असं नंतर सांगितलं गेलं. मी रागाने अम्जांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, साखरेचा खडा दाताखाली धरला आणि म्हणाले, 'निदान तुमच्यासाठी कविता तरी केली.'

आम्ही 2003 मध्ये परतलो. पुढे 2010 मध्ये कॉन्स्टान्स विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी पाचशेवर जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, काही जर्मन नावांनी, काही तुर्की. तुर्की नावाला बोलावणं येण्याची शक्यता 14 टक्क्यांनी कमी निघाली, लहान कंपन्यांत 24 टक्क्यांनी. 2016 च्या अशाच एका पाहणीत झांड्रा बाउअर या नावाला शंभरातून जवळपास 19 बोलावणी, मेरयेम ओझ्तुर्कला 13-14, आणि फोटोत त्याच मुलीच्या डोक्याला रुमाल बांधला तर जेमतेम 4. तोवर 2006 चा समान वागणुकीचा कायदा दहा वर्षांचा झाला होता.

आता मी पुण्यात जर्मन शिकवते. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यानंतर वर्ग भरून वाहतात. नर्सेस, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. कागद यावेळी पुष्कळ बरे आहेत, दोन पानांचे नाहीत. परवा 'डू' आणि 'झी'चा धडा चालू होता. साताऱ्याकडची एक मुलगी, नर्सिंग झालेली, हात वर करून म्हणाली, 'मॅडम, मी झी म्हणेन. पण ते मला डू म्हणाले तर?'

मी सांगितलं, वॉर्डात सगळेच एकमेकांना 'डू' म्हणत असतील तर ती तिथली रीत, तूही म्हण. बाकीच्यांना 'झी' आणि तुला एकटीलाच 'डू' असेल, तर एक वाक्य आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नाही. फळ्यावर लिहून दिलं: 'बिटे झीत्सेन झी मिश.' कृपया मला तुम्ही म्हणा.

तिने ते वहीत उतरवून घेतलं, देवनागरीत, आणि खाली दोनदा रेघ ओढली.